खिंडीतली आई आणि जॅकचं तेल

देवाचं आणि माझं कधी भांडण नव्हतं, पण फारसं येणंजाणंही नव्हतं. मावळातल्या नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात मी प्रेसची दुरुस्ती करतो. तेलाच्या दाबावर चालणारी ती धुडं खोलायची, आतली रबरं बदलायची, पुन्हा जोडायची, हे अठरा वर्षं केलं. त्यामुळे माझा सगळा विश्वास माझ्या दोन हातांवर. "यांना काही सांगायला जाऊ नका, यांना सगळं येतं," असं माझी बायको मनीषा लोकांना हसत सांगायची आणि मला ते कौतुक वाटायचं. ही गोष्ट घडली तेव्हा तिला सातवा महिना चालू होता. त्याआधी दोनदा आमची आशा चौथा महिना लागायच्या आतच संपली होती. या वेळी आम्ही बाळाचं नावसुद्धा मोठ्याने काढत नव्हतो, इतकी धास्ती घेतली होती.

मनीषा माहेरी, पवनानगरला होती. तिथून तिला तपासणीसाठी लोणावळ्याला न्यायचं माझ्याकडे होतं. गाडी आमची सतरा वर्षांची, आणि तिचा ब्रेक काही दिवसांपासून मऊ लागत होता. गॅरेजमध्ये देणं मला कमीपणाचं वाटायचं. रविवारी घरासमोर मागची चाकं काढली, ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं बदलली आणि नळ्यांमधली हवा काढायला बसलो. हे दोघांचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सोडायचा. एरवी मनीषा पेडलवर बसायची. त्या दिवशी मी एकटाच गाडीभोवती घिरट्या घालत होतो, आणि त्यात ब्रेक ऑइलची बाटली संपली. दुकानं बंद झालेली. घरात गाडी उचलायच्या जॅकमध्ये भरायचं तेल होतं. जॅक तेलाच्या दाबावर चालतो, ब्रेकही तेलाच्या दाबावर चालतो, कारखान्यात आमची उभी हयात असल्याच तेलात गेली. तेल ते तेल, असं म्हणून मी ते ओतलं. पेडल छान घट्ट झालं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बुधवारी गाडी जड चालायला लागली. कोणी मागून धरून ठेवल्यासारखी ओढ लागत होती, चाकांना हात लावला तर चटका बसत होता. मी ठरवून टाकलं की मागचे ब्रेक शू, म्हणजे चाकाला आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्या, फार घट्ट बसलेत. संध्याकाळी पुन्हा चाकं काढून ते चांगले ढिले केले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा तो प्रकार होता. तेलाची शंका मनाला शिवलीसुद्धा नाही, कारण तेल मी भरलं होतं.

गुरुवारी सकाळी मनीषाला आणि सासूबाईंना घेऊन निघालो. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती. चढ लागला तशी गाडी धापा टाकायला लागली. पेडल आता नको इतकं ताठ झालं होतं आणि काहीतरी करपल्याचा वास येत होता. "जावईबापू, कायतरी जळतंय," सासूबाई मागून म्हणाल्या. "कुणी कचरा पेटवला असेल," मी म्हणालो. खरं सांगतो, तो वास कचऱ्याचा नाही हे मला कळत होतं. पण गाडी थांबवली असती तर मला जमलं नाही हे त्या दोघींसमोर कबूल करावं लागलं असतं. ते मला घाटापेक्षा अवघड वाटत होतं.

खिंडीच्या माथ्यावर जांभळीखाली शेंदूर लावलेली एक शिळा आहे. तिला सगळे खिंडीतली आईच म्हणतात. मनीषाच्या माहेरची रीत अशी, की पोटुशी बाई ही खिंड गाडीत बसून ओलांडत नाही. अलीकडे उतरायचं, आईला हळदकुंकू वाहायचं आणि पलीकडच्या वळणाखालपर्यंत पायी जायचं. गाडी रिकामी पुढे जाते. सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि माझं डोकं फिरलं. साडेदहा वाजून गेले होते, ऊन तापलं होतं. सातव्या महिन्यातल्या बाईला असं चालवायचं म्हणजे अंधश्रद्धेची कमाल झाली, असं मी बोलून गेलो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी गाडी फुडं न्या. पोर माजी हाय आन् वाट आईची हाय. ती चालतच येनार." मनीषा माझ्याकडे न बघता उतरली, मागोमाग सासूबाईही उतरल्या. मी हात लांब करून तिचं दार दाणकन ओढून घेतलं आणि निघालो.

उतार सुरू झाला. पहिल्यांदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदा पेडल अर्धं आत गेलं. तिसऱ्यांदा ते थेट तळाला टेकलं आणि गाडी मात्र पळतच राहिली. मी पाय मारत सुटलो. हँडब्रेक ओढला तर तो वरपर्यंत आला आणि काहीच झालं नाही, कारण तो मागच्या शूंवरच चालतो आणि ते आदल्या दिवशी मीच ढिले केले होते. दुसरा गिअर टाकला, मग पहिला टाकला, इंजिन किंचाळलं. पुढे वळण होतं आणि वळणापलीकडे फक्त दरी दिसत होती. माझ्या हातांना, ज्यांचा मला एवढा गर्व, स्टिअरिंग धरून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मी गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. डावी चाकं गटारात उतरली, खडकाला घासत गाडी बरीच लांब गेली आणि एका दणक्यात थांबली. मला खरचटलंही नव्हतं. मग मी डावीकडे पाहिलं. मनीषाच्या बाजूचं दार निम्म्या सीटपर्यंत आत दबलं होतं आणि सीटवर काचांचा सडा पडला होता. पोट धरून ती जिथे बसायची, बरोबर तिथे.

मी गाडीतून उतरलोच नाही. खालून मोटारसायकलवर दुधाचे रिकामे कॅन लावलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले. आधी त्यांनी चाकांना दगड लावले, मग मला हाताला धरून बाहेर काढलं. चाकांतून धूर येत होता. मी पाण्याची बाटली उघडली तसे ते ओरडले, "पानी नगा वतू भाऊ, तापल्यालं लोखंड तडकंल." पूर्वी ते दुधाचा टेम्पो चालवायचे. मी त्यांना घडाघडा सांगायला लागलो की रबरं नवी आहेत, हवा काढली आहे, मागचे शू काल सव्वा फेरा ढिले केलेत. ते ऐकत ऐकत त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत काडी बुडवली, बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घेतलं आणि काडीवरचा थेंब त्यात सोडला. थेंब पाण्यावर तरंगत राहिला.

"बिरेक ऑइल आसतं तर पान्यात इरगळलं आसतं. ह्ये जॅकचं त्याल हाय," ते म्हणाले. "ह्यानं रबरं फुगत्यात. मग चाकं सुटत न्हाईत, तापत्यात, आन् आत उकळी फुटली की पेडल खाली. कुनी भरलं ह्ये?"

"गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो.

एवढ्यात वळणावरून मनीषा आली, सासूबाईंचा हात धरून, हळूहळू. मला पाहायच्या आधी तिने ते दार पाहिलं आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. दूधवाले भाऊ त्या नसलेल्या गॅरेजवाल्याला शिव्या घालत उठले, लोणावळ्याकडे प्रवासी भरून नेणारी वडापची जीप त्यांनी हात करून थांबवली, आम्हाला तिच्यात बसवलं आणि स्वतः माझ्या गाडीपाशी थांबले. जाताना माझा नंबर घेतला, आपला दिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनीषाच्या पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर बाळाचे ठोके ऐकू यायला लागले, धडधडधड, अगदी घाईघाईने चाललेले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तपासणी झाली. बाहेर बाकावर बसल्यावर मी मनीषाला सांगून टाकलं की तेल मीच भरलं होतं. तिने माझा फोन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "आधी त्या भाऊंना फोन करून खरं सांगा. ते बिचारे भलत्याच माणसाला शिव्या देत बसलेत."

मी फोन लावला. "भाऊ, तो गॅरेजवाला मीच," एवढंच कसंबसं म्हटलं.

पलीकडून हसू आलं. "मला तितंच कळलं हुतं. शू किती फेरं फिरवलं त्ये गॅरेजवाला सांगत न्हाई, ज्यानं फिरवलं त्योच सांगतो. पर बाई समोर आली, म्हनलं आता कशाला बोलायचं. जीव वाचला न्हवं? लेकरू बरं हाय का त्ये सांगा आदी."

"बाळ बरं आहे," मी म्हणालो. फोन हातात धरून मी भर दवाखान्यात रडलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. चमत्कार झाला का, हे मी सांगू शकत नाही. आता आमच्या घरात आठ महिन्यांची लेक आहे. देवापुढे बसलो की मी काही मागत नाही. मी आधी माझी चूक सांगतो, कारण त्या भाऊंप्रमाणेच खिंडीतल्या आईलाही ती आधीच कळलेली असते आणि तरीही तिने आमची वाट अडवलेली नसते.