धूड, डबा आणि सोयरीक

माझ्या भावाचं लग्न एका ॲम्पवरून मोडायला आलं होतं. कोणत्या ॲम्पवरून ते सांगण्याआधी घरातल्या दोन्ही ॲम्पची ओळख करून देते, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ व्हायला नको. कामं क्रमानं लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. वडील लवकर गेले आणि माझं लग्न कोल्हापुरातच झालं, त्यामुळे माहेरचा कारभार, भावासकट, माझ्याच गळ्यात पडलेला.

भाऊ दिवसा उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि लग्नसराईत, गणपतीत, यात्रेत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटारचा आवाज ज्या स्पीकरवाल्या खोक्यातून बाहेर येतो तो ॲम्प. भावाचा पहिला ॲम्प ट्यूबचा होता. बेळगावात एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांच्याकडून त्यानं तो नव्वदच्या दशकात आणला. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व, आणि वजन सिमेंटच्या पोत्याएवढं. तो घरात आला त्या दिवशी आई म्हणाली, "हे धूड ठेवायचं कुठं?" तेव्हापासून त्याचं नाव धूड.

धुडाचे लाड फार. आधी एक बटण दाबायचं, व्हॉल्व तापेपर्यंत थांबायचं, मग दुसरं दाबायचं. तोवर स्टेजवर निवेदकानं विनोद सांगायचे. मुरगूडच्या रस्त्याला टेम्पो आदळला की एखादा व्हॉल्व कुरकुरायला लागायचा, मग भाऊ मागून डोकं घालून एकेका व्हॉल्ववर पेन्सिलीनं टकटक करत बसायचा. ज्याच्यावर टकटक केल्यावर स्पीकर ओरडेल तो चोर. जादा व्हॉल्व आईच्या जुन्या लोकरी मोज्यांत गुंडाळलेले असायचे. थंडीत धुडाची पाठ इतकी उबदार व्हायची की शेजारची मांजर सरावाच्या वेळेला बरोबर हजर. आईही कधीकधी न वाळलेले सांडगे तिथं ठेवायची. भाऊ चिडायचा. "आई, ह्यो ॲम्प हाय!" आई म्हणायची, "वाजव की मग तू. सांडगं काय तुझा हात धरतंय?"

आवाजाचं मात्र खरं ते सांगायला हवं. धूड वाजलं की मांडणीवरची स्टीलची ताटं आपोआप किणकिणायची. भावानं तार हळू छेडली की आवाज मऊ यायचा, जोरात छेडली की गुरगुरायचा. बटणं तीच, बोटांतला जोर तेवढा वेगळा.

दोन हजार सालानंतर दुसरा ॲम्प आला. ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याचा चुलत भाऊ मुंबईला असायचा, त्यानं तो आणला. डिजिटल. आत व्हॉल्व नाहीत, सगळा कंप्युटरचा कारभार, आणि तो निरनिराळ्या नावाजलेल्या ॲम्पच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायचा. समोर एक गोल बटण. फिरवलं की ॲम्प बदलला. आकार लाडूच्या मोठ्या डब्याएवढा. हा डबा.

मला डबा पाहताक्षणी आवडला. तापवायची भानगड नाही, एस.टी.त पायांशी मावतो, आणि कानाला हेडफोन लावला की घरात चिडीचूप. (पहिल्यांदा भाऊ तसा वाजवत होता तेव्हा आईला फक्त त्याचे मिटलेले डोळे आणि वाकडं तोंड दिसलं. ती ओव्याची पूड घेऊन आली.) बटणाभोवती इंग्रजीत बारीक अक्षरं होती, ती स्टेजवरच्या उजेडात वाचता यायची नाहीत. मी त्यावर माझ्या हातानं चिकटपट्ट्या लावल्या. स्वच्छ आवाजाला 'पांढरा', फाटक्या आवाजाला 'तांबडा', त्याहून फाटक्याला मिसळीसारखं 'कट जादा'. सगळ्या ऑर्केस्ट्राला एका मिनिटात समजलं.

भावाला मात्र पटेना. "आक्का, हे मिमिक्रीवाल्यासारखं हाय बघ. सगळ्यांचा आवाज काढतंय. ह्याचा स्वतःचा कुठला?"

"टाळ्या कुणाला जास्त पडतात तुमच्या ऑर्केस्ट्रात?"

"मिमिक्रीवाल्याला."

"मग झालं तर."

"दम न्हाय गं त्यात."

"दम तुला लागतोय, धूड उचलताना. डबाच ने."

याच सुमाराला ढोलकीवाल्यानं स्थळ आणलं. त्याच्याच गावची, गडमुडशिंगीची मुलगी, बालवाडीत शिकवणारी. भावानं तिला ढोलकीवाल्याच्या घरी सत्यनारायणाला पाहिलं होतं. परत आल्यावर आठवडाभर तो प्रत्येक गाणं एकाच चालीत वाजवत होता आणि कुठल्या चालीत ते त्यालाही सांगता येत नव्हतं. याआधी तीन ठिकाणी 'ऑर्केस्ट्रातलं पोरगं' म्हणून नकार आला होता, तेव्हा तो नुसते खांदे उडवायचा. या वेळी त्यानं मला स्वतःहून विचारलं, "आक्का, हे जमंल न्हवं?" त्यामुळे हे जमवायचंच, असं मी ठरवलं.

मुलीचे वडील उमेदीत कुस्त्या मारलेले, आता ऊस आणि दोन म्हशी. पन्हाळ्यावर एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता, तिथं आमचा ऑर्केस्ट्रा होता. तिथं ते सहज म्हणून येणार, म्हणजे मुलाला न कळवता मुलगा पाहणार, असं ढोलकीवाल्यानं माझ्या कानावर घातलं. मी तयारीला लागले. कडक इस्त्रीचा शर्ट. पॉलिश केलेले बूट. आणि धूड घरी, डबा बरोबर. घामाघूम होऊन खोकी वाहणारा जावई कुणाला हवा असतो?

कार्यक्रम छान झाला. भाऊ पांढऱ्यावरून तांबड्यावर असा सफाईनं जात होता की मलाच माझ्या चिकटपट्ट्यांचा अभिमान वाटला. मध्यंतरात मोठा पटका बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पावणं, गिटारवाल्याची भैन तुम्हीच न्हवं?"

"व्हय, मीच की. बसा."

"बसत न्हाय. त्ये मोठं खोकं कुठं दिसंना?"

"ते आता नेत नाही कुठं. हे नवीन आहे. हलकं."

"हलकं," ते म्हणाले. स्टेजवरच्या डब्याकडं त्यांनी एकदा पाहिलं, भावाच्या पोटाकडं एकदा पाहिलं, आणि गेले.

कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाला धावत आला. "आक्का, घोटाळा झाला. पावण्यास्नी वाटतंय पोराला हर्निया झालाय."

"काय?"

"मी त्यास्नी सांगितलंतं, आमचा गिटारवाला त्ये धूड एकटा टेम्पोत चढवतोय. त्यावरच तर गडी यायला तयार झाला! गिटार-बिटार त्येला काय कळतंय? आणि इथं बघतोय तर पोरगं डबा घेऊन आलंय. म्हणतोय, उचलायचं बंद केलंय म्हंजे आत काय तरी फाटलंय, आणि ही लोकं लपवायला लागल्यात."

मी कपाळावर हात मारला. ज्या गुणावर स्थळ आलं होतं तोच मी घरी ठेवून आले होते. वर ही बातमी गडमुडशिंगीत पसरली की पाचवं, सहावं, दहावं स्थळ आलं तरी कुणीतरी हळूच हर्नियाचं विचारणार. भाऊ टेम्पोत तोंड पाडून बसला. मी तिथल्या तिथं निरोप दिला: येत्या रविवारी घरी या, सगळे या, मुलीलाही आणा, आणि मुलाची काय परीक्षा घ्यायची ती घ्या.

रविवारी ते आले. मुलीचे वडील, तिची आई, मुलगी आणि मधे ढोलकीवाला. पोहे झाले. आमच्याकडं मुलगी पाहताना तिला चालायला लावतात, वाचायला लावतात, स्वयंपाक विचारतात. त्या दिवशी सगळं उलटं चाललं होतं. मुलगी निवांत पोहे खात होती आणि भाऊ बाह्या वर सारत होता.

"मग," वडिलांनी ताटली खाली ठेवली, "आणा की त्ये."

भाऊ आतल्या खोलीत गेला आणि धूड छातीशी धरून बाहेर आला. वडील सरसावून बसले. "गुडघ्यात वाक! कमरंत न्हवं, गुडघ्यात! हां. दम सोड." धूड पुढच्या सोप्याच्या मध्यावर टेकलं. वडिलांनी मान डोलावली.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "उचललं, पण वाजतंय का त्ये?"

भावाचा चेहरा उजळला. त्यानं धूड लावलं, व्हॉल्व तापू दिले, मग वाजवलं. ताटं किणकिणली. मग त्यानं तेच डब्यावर वाजवून दाखवलं, पांढऱ्यावर आणि तांबड्यावर. मुलगी मन लावून ऐकत होती.

"बारक्याचा आवाज कानात शिरतोय," ती म्हणाली. "मोठ्याचा पोटात."

इतक्या दिवसांत भावाला जे मला पटवता आलं नव्हतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. भाऊ तिच्याकडं बघतच राहिला, आणि तिथंच घात झाला. वडील म्हणाले, "आता जाग्यावर ठेव बघू." भावाची नजर अजून मुलीवरच. तो गुडघ्यात न वाकता कमरेत वाकला, धूड वीतभर उचललं, आणि कट्कन आवाज आला. मला वाटलं व्हॉल्व गेला.

व्हॉल्व नव्हता. भाऊ धुडावर दोन्ही हात टेकून तसाच वाकलेला राहिला. तोंडावरचं हसू मात्र तसंच, कारण ते काढायलाही कुठंतरी हलावं लागलं असतं.

"बस की रे," आमची आई म्हणाली.

"बरा हाय असाच."

वडील उठले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "उसण भरलीया."

"म्हणजे हर्निया न्हाय ना?" ढोलकीवाल्यानं विचारलं.

"न्हाय न्हाय! हर्नियावाला असा न्हाय वाकत." वडिलांना फार आनंद झाला. "आणि काय काळजी करायची न्हाय. आमची पोरगी पायाळू हाय!"

आमच्याकडं पक्का समज आहे: जो जन्मताना आधी पायानं बाहेर येतो तो पायाळू, आणि पायाळूनं पाठीत लाथ घातली की उसण निघते. डॉक्टर, मलम सगळं त्यानंतर.

मुलीची आई ताडकन उठली. "आवं, गप बसा! होणाऱ्या नवऱ्याला लाथ मारायची व्हय पोरीनं?"

"आजून कुठं ठरलंय? ह्यो अजून परकाच हाय."

"मग ठरवायलाच तर आलोय न्हवं आपण?"

"व्हय की," वडील विचारात पडले. "ठरलं तर मारता येत न्हाय. आणि मारली तर लोकं म्हणतील, लाथ मारून नकार दिला."

आमची आई म्हणाली, "आणि न्हाय मारली तर पोरगं असंच ऱ्हाईल." भाऊ वाकल्या वाकल्या म्हणाला, "कुणी तरी काय तरी ठरवा की."

इथं माझा उपयोग झाला. मी म्हटलं, "नीट क्रमानं घेऊया. आधी लाथ. त्या वेळी तो परका, त्यामुळे पाप नाही. मग सुपारी. लाथेनंतर लगेच सुपारी फुटली की नकार म्हणायला कुणाला जागा नाही. मधे वेळ घालवायचा नाही."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "शिकल्याली बाई हाय!" ढोलकीवाला सुपारी आणायला पळाला. आम्ही भावाला सतरंजीवर पालथा घातला. मुलीची आई भिंतीकडं तोंड करून बसली.

मुलगी पदर खोचून उभी राहिली, पण पाय उचलेना.

"मार की गं," वडील म्हणाले.

"माझं एक म्हणणं हाय," ती सतरंजीकडं बघून म्हणाली. "त्ये धूड परत उचलायचं न्हाय."

भाऊ सतरंजीत तोंड खुपसून बोलला. "घरात तर वाजवीन?"

"वाजवा की. त्येचाच आवाज चांगला हाय. नुसतं जाग्यावरनं हलवायचं न्हाय."

"आणि कार्यक्रमाला?"

"डबा."

"अवो, पण डब्यात दम..."

"मारू का नको?"

"डबा! डबा!"

तिनं टाच उचलली आणि नेमकी कमरेच्या वर हाणली. बालवाडीच्या बाई इतकी सरळ लाथ घालतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. भाऊ मोठ्यानं ओरडला, उताणा झाला, उठून बसला, मग भिंतीला धरून उभा राहिला. इकडं वाकला. तिकडं वाकला. "गेली की!" लाथेनं गेली, की एवढा वेळ पालथा पडल्यामुळे गेली, ते मी सांगू शकत नाही. ढोलकीवाल्यानं आणलेली सुपारी मी ताबडतोब पुढं केली आणि वडिलांनी ती अडकित्त्याशिवाय, दाढेनंच फोडली.

धूड कोपऱ्यात सरकवायला ढोलकीवाला आणि होणारे सासरे लागले. भाऊ लांब उभा राहून "सावकाश, व्हॉल्व हायेत, सावकाश" करत होता आणि प्रत्येक वेळी मुलीकडं बघून एक पाऊल मागं घेत होता. मुलीच्या आईनं आता भिंतीकडचं तोंड वळवलं. तिच्या मनाला अजून टोचत होतं.

"पोरी, आता ठरलंय. लाथ लागलीया, पाया पड त्यांच्या."

मुलगी आमच्या भावाकडं बघून हसली. "लग्नात पडायचंच हाय की. तवा लाथेचं आन् लग्नाचं दोन्ही एकदम पडते."

"न्हाय पडला तरी चालतंय," भाऊ घाईघाईनं म्हणाला. "तुमी नुसतं लांब उभ्या ऱ्हावा."