निनावी पत्रावरची रेघ

कॉलेजला एकाएकी बायकांचा पुळका आला की मी सावध होते. तिथे तीस वर्षं शिकवलंय मी. पाणी कुठेतरी मुरत असतंच. या वेळी स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात पहिल्या विद्यार्थिनींवर एक लेख. "तुमच्या आईंचा फोटो द्या," संपादक फोनवर म्हणाले, "आणि शिक्षण अर्धवट का सोडलं तेही लिहा."

का सोडलं ते तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई शेवटच्या वर्षाला असताना तमिळमध्ये एक निनावी पत्र आलं: तुमची मुलगी पोरांशी बोलते. वर्गात मुली चार. प्रोफेसरांच्या मागून आत शिरायच्या, त्यांच्याच मागून बाहेर पडायच्या. बोलणार कधी? पण आजोबा, म्हणजे आईचे अप्पा, म्हणाले, लोक बोलायला लागले, आता पुरे. दोन महिन्यांत लग्नासाठी नाचियार्कोविल गावच्या पितळी समया घरात आल्या.

पत्र लिहिणाऱ्याला मी लहानपणापासून शोधत होते. समोरची मामी? आईपेक्षा कमी मार्क मिळवणारा कुणी? कॉलेजातल्या कारकुनाशी तर तो म्हातारा होईपर्यंत मी धड बोलले नाही.

फोटो शोधताना आईच्या ट्रंकेत ते पत्रच हाती लागलं. तमिळ अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. इथे मात्र आधी आडवी रेघ ओढून अक्षरं तिच्याखाली लटकवली होती, मोडी लिहितात तशी. आमच्या घरात मोडी येणारे शेवटचे आजोबा. त्यांच्या तमिळ वाणसामानाच्या यादीवरही हीच रेघ असायची. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आईला सांगावं का? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, अजून वडिलांच्या फोटोला रोज फूल घालते. पण ती दारातच उभी होती.

"रेघ दिसली न तुज?" ती म्हणाली. "मज त्याच दिवशी दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"अप्पांकडे शाई अजून होती, आणि घरात धाकटी होती. मी गप्प राहते, तिला शिकू द्या म्हणून सांगितलं."

धाकटी म्हणजे माझी मावशी. बी.ए. झाली, हेडमिस्ट्रेस झाली. अप्पांनी मला शिकवलं, असं जन्मभर अभिमानाने सांगायची. मागच्या वर्षी ती गेली.

आईने पत्र माझ्याकडून घेतलं, पदराने पुसलं आणि परत दिलं.

"आता दे त्यांना," ती म्हणाली. "रेघेसकट छापा म्हणून सांग."