दोन्हीकडून उघडणारी वही

आमच्या काकांना बूड होतं की नाही, याबद्दल कुंभकोणमात दोन मतं होती. मी त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाले, पण मलाही ते खात्रीनं सांगता यायचं नाही. कॉफी ते उभ्यानं प्यायचे. वर्तमानपत्र अंगणात फेऱ्या घालत वाचायचे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना बातम्या तुकड्यातुकड्यानं कळत. जेवायला पाटावर टेकले तरी एक गुडघा उभा ठेवायचे, आणि काकू भात वाढेपर्यंत दोनदा उठून रस्त्यावर कोण चाललंय ते बघून यायचे. पितळेच्या भांड्यांच्या एका पेढीवर ते वसुलीचं काम करत, म्हणजे दिवसभर सायकलवर. तेव्हा सीटवर तरी बसत असतील, असं आई म्हणे. त्यावर काकू हात झटकून म्हणे, "असतील बाई. मी तर बघिटलें नाहीं!" आमच्या घरची मराठी ही अशी, तंजावरी. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून गालात हसायचे, आणि आम्ही त्यांची ऐकून ते गेल्यावर हसायचो.

अशा माणसाला नाताळात घरी बोलावू नये. पण पेढीचे हिशेबनीस ख्रिस्ती होते, स्वभावानं फार गोड, त्यांनी बोलावलं. काका गेले, केकमध्ये अंडं असतं म्हणून केळं खाल्लं, आणि उभे असल्यामुळेच त्यांची नजर कपाटावरच्या बायबलवर गेली. त्याच्या पहिल्या पानांवर त्या घराण्यातले जन्म, लग्नं आणि मृत्यू ओळीनं लिहिलेले होते, खापरपणजोबांपासून थेट नुकत्याच जन्मलेल्या नातीपर्यंत. झालं! काका घरी आले ते चपलांसकट स्वयंपाकघराच्या दारात. "वैनी, त्यांचे सगळे एका ग्रंथात नांदतात! आणि आम्ही? तंजावरच्या दरबारातले म्हणून मिशीला पीळ देतों, आणि पणजोबाच्या बापाचं नाव विचारलं की भटजीच्या तोंडाकडे बघतों!" आई म्हणाली, "भाऊजी, आधी चपला काढा."

आपणही धर्मग्रंथातच लिहायचं, असं काकांनी ठरवलं. पण देवघरातली पोथी सुट्या पानांची. "वारा आला आणि आजोबा उडून शेजाऱ्याच्या विहिरीत पडले तर?" या शंकेनं त्यांना घेरलं, आणि शेवटी लाल कापडात बांधलेली एक दणदणीत वही घरी आली. ती देवाजवळ ठेवायची म्हटल्यावर काकू कंबर कसून उभी राहिली. बारसं आणि तेरावं एकाच वहीत, आणि वर ती देवघरात? ती जिवंत असेपर्यंत नाही! दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज मोठे झाले. मग तह झाला. जन्म पुढून लिहायचे, मृत्यू वही उलटी करून मागून, लग्नं मधोमध, आणि वही देवघरात नाही तर बैठकीतल्या कपाटावर. तिथी, तमिळ महिना आणि इंग्रजी तारीख तिन्ही घालायची, कारण एकानं चूक केली तर उरलेल्या दोघांनी त्याला सांभाळून घ्यावं, असं काकांचं म्हणणं.

पण खरा जाच होता तो त्यांच्या नियमाचा. ऐकीव काही लिहायचं नाही. स्वतः बघितलेलं लिहायचं, नाहीतर ज्यानं बघितलं त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पापनाशम् इथे काकांचे चुलते राहत, त्यांना आम्ही अप्पाआजोबा म्हणायचो. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आल्याचं कळताच काका वहीची पिशवी खांद्याला अडकवून बसनं निघाले आणि बाळाच्या बरेच आधी पोचले. ओट्यावर त्यांच्या अशा येरझाऱ्या सुरू झाल्या की सुईण बाहेर येऊन म्हणाली, "ह्यांना आधी देवळात धाडा, पोर लाजतंय!" काका देवळात गेले आणि इकडे मुलगा झाला. तेव्हापासून त्या सुईणीवर त्यांचा राग होता, कारण अंगठा तिचा घ्यावा लागला.

दारासुरमच्या आत्याआजींची गोष्ट तर सगळ्या गोतावळ्यात गाजली. आत्याआजी म्हणजे काकांची आत्या. म्हातारीनं अन्न सोडलं, डोळे मिटले, मंडळी जमली. काका सायकल दामटत गेले आणि उशाशी उभे राहिले. आत्याआजींनी एक डोळा किलकिला केला, लाल वहीची पिशवी पाहिली आणि कडाडल्या, "मुडद्या, माझं नाव लिहायला आलास? नीघ!" मग उठून बसल्या आणि ताकभात मागितला. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. त्यांचं जरा कमीजास्त झालं की घरचे डॉक्टरआधी काकांनाच निरोप धाडायचे. काका बिचारे दर वेळी धावत जायचे, आणि परत येताना त्यांना आनंद झालाय की पान रिकामं राहिल्याची चुटपुट लागलीय, ते काही कळायचं नाही.

आता माझ्या बाबांविषयी सांगायला हवं. बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, काका त्यांना अण्णा म्हणत. मी लहान असताना ते नोकरीसाठी रंगूनला गेले. मग तिकडे जपानी लढाई पोचली आणि पत्रं थांबली. तिथून पायी आलेली माणसं भेटली, पण कुणी काही धड सांगितलं नाही. तेव्हापासून मी आणि आई काकांकडे. आई रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची आणि बाबांविषयी कुणी विचारलं तर "येतील" एवढंच म्हणायची. वहीत पुढच्या बाजूला बाबांचा जन्म होता, त्याला साक्ष आत्याआजींचा अंगठा. मधल्या पानावर त्यांचं लग्न होतं. त्याखाली काकांनी एक जास्तीची ओळ लिहिली होती, 'अण्णा कुंभकोणम ठेसनावर गाडीत चढले', आणि पुढे तिन्ही पद्धतींनी तो दिवस.

ही ओळच अंगाशी आली. माझं लग्न ठरत होतं, म्हणून अप्पाआजोबा आले होते. त्यांनी नातवाचं नाव बघायला वही मागितली, पानं उलटता उलटता या ओळीशी थांबले आणि बोटं मोजायला लागले. "अरे, बारा वर्षं होऊन गेलीं की! मग ह्याचं मागच्या पानावर का नाहीं?" शास्त्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, दिवस करायचे आणि तो गेला असं धरायचं. अग्नी काकांनीच द्यायचा होता. आणि त्या दिवसापासून आईच्या कपाळावरचं कुंकू जाणार होतं. "मुलीचं लग्न व्हायच्या आत उरकून टाका," अप्पाआजोबा म्हणाले, "नाहीतर मी मांडवात पाय ठेवणार नाहीं. हिची आई कोण म्हणून उभी राहणार तिथे, सवाष्ण की विधवा?" आई दाराशी कॉफीचा पेला आणि त्याखालचा पसरट डबरा घेऊन उभी होती. कॉफी तिच्या पायावर सांडली, तरी ती हलली नाही. नको मला लग्न, असं ओरडावंसं वाटलं मला.

काका नेहमीप्रमाणे फेऱ्या घालत होते. ते थांबले. आणि मग ते खाली बसले! चक्क मांडी घालून, दोन्ही गुडघे टेकून, अप्पाआजोबांच्या समोर. काकू पदर तोंडाला लावून बघतच राहिली. काकांनी वही मांडीवर घेतली, उलटी केली, मागचं कोरं पान काढलं, पेन उघडलं आणि शाईची डबी पुढे सरकवली.

"सांगा अप्पा. कोण बघिटलं?"

"काय कोण बघिटलं?"

"अण्णा गेला ते. तुम्ही बघिटलांत? मग द्या अंगठा, आत्ता लिहितों. मी त्याला गाडीत चढताना बघिटलों, तेवढं लिहिलों. उतरताना कोणी बघिटलं नाहीं. मी बघिटलों नाहीं ते मी लिहिणार नाहीं, आणि लिहिणार नाहीं त्याला आग देणार नाहीं."

अप्पाआजोबांनी शास्त्र काढलं, पितर काढले, लोक काय म्हणतील ते काढलं. काका शाईची डबी आणखी थोडी पुढे सरकवत राहिले. शेवटी अप्पाआजोबा उठले आणि कॉफी न पिता गेले. कुंभकोणमात याहून मोठा राग नसतो. माझ्या लग्नाला ते खरंच आले नाहीत. कन्यादान काकाकाकूंनी केलं. आई माझ्यामागे उभी होती, कपाळभर कुंकू लावून, आणि तिला तिथून हलवायची कुणाची छाती झाली नाही. लग्नात मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी बसलात." ते गडबडले आणि वाढपी कुठे गेले ते बघायला पळाले. आई मला हळूच म्हणाली, "तुझे बाबा जायच्या आधी भाऊजी खूप बसायचे गं. ह्यांच्याबरोबर ओट्यावर तासन् तास."

पुढे आई गेली ती भरल्या कपाळानं. काकांनी ते जवळ राहून पाहिलं आणि मागच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं. त्यानंतर काही वर्षांनी काका गेले. मी मद्रासला होते, पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. काकूनं कपाटावरून वही काढायला सांगितली, उलटी करून माझ्यासमोर ठेवली आणि पेन हातात दिलं. मी टोपण काढलं.

"काकू, मी बघिटलें नाहीं," मी म्हटलं. "तू होतीस ना जवळ. तू अंगठा देतेस?"

काकूनं आयुष्यभर त्या वहीच्या नावानं बोटं मोडली होती. तिनं पानावरून हात फिरवला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावलाच नाही.

"मी तरी कुठं नीट बघिटलें, बाळे?" ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू."

मग तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि वही मिटली. ती वही आता माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला आत्याआजी आहेत, आई आहे, काकूही आहे. दोघा भावांची नावं तिथे नाहीत.