चार तास उशिराची भरती: अण्णा, रोहित पक्षी आणि अल थखिरा

आमच्या ऑफिसातली एक फ्रेंच बाई नवऱ्याबरोबर दक्षिण फ्रान्सच्या पाणथळीत कॅम्परव्हॅनने हिंडून आली आणि जेवणाच्या सुट्टीत तिने आम्हाला दोनशे फोटो दाखवले. पांढरे घोडे, मिठागरं, गाडीच्या दारात बसून कॉफी पिणारा नवरा आणि मागे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. माझा डबा तसाच राहिला. घरी येऊन मी शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं, "मला हे पाहिजे."

"फ्रान्स?" त्याचा चेहरा पडला.

"फ्रान्स नको रे. गाडी आणि पक्षी."

पक्षी निघाले घराच्या पाठीमागेच. हिवाळ्यात रोहित कतारमध्येही येतात, दोह्याच्या उत्तरेला अल थखिराच्या खारफुटीत. अबू हमूरच्या आमच्या घरापासून जेमतेम तासाभराचा रस्ता! सहा वर्षं इथे राहून आम्ही मॉलचा मजला न् मजला पाठ केला होता आणि हे ठाऊक नव्हतं. धन्य आहोत.

खरं सांगायचं तर मला फोटोतल्या गाडीपेक्षा अण्णांची काळजी जास्त होती. अण्णा म्हणजे माझे वडील. गुहागरकडच्या आमच्या खाडीत त्यांनी तीस वर्षं तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवली, माणसं, सायकली, कोंबड्या या काठावरून त्या काठाला पोचवल्या. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. महिन्याच्या व्हिसावर त्यांना मी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. व्हिसा वाढवता येत होता, पण तो विषय काढला की ते एकच वाक्य बोलायचे, "हितं माझा काय उपयोग गो?" दिवसभर खिडकीतून कंपाउंडची भिंत बघत बसायचे. घरून आणलेलं तिथीचं कॅलेंडर त्यांनी स्वयंपाकघरात टांगलं होतं. पुढच्या वर्षाचं इथल्या भारतीय दुकानातून आणते म्हटलं तर म्हणाले, "कशाला खर्च? नवीन घरी जाऊन घेईन." परतीचं तिकीट एकोणतीस डिसेंबरचं होतं. त्यांनी रिकाम्या घरात परत जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायचं कसं ते कळत नव्हतं.

गाडी दिली सलीमभाईंनी. रत्नागिरीचे, सुतारकामाचे ठेकेदार. मित्रांबरोबर मासे पकडायला जाता यावं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या व्हॅनमध्ये दोन घडीच्या फळ्या, शेगडीचा खण, पडदे असं सगळं बसवलं होतं. फ्रेंच बाईने बघितली असती तर तीही गप्प झाली असती. किल्ली देताना म्हणाले, "वहिनी, कुठं पण न्या, फक्त किनाऱ्याच्या ओल्या सबखात, त्या खाऱ्या दलदलीत, घालू नका. वरून सारवलेलं खळं दिसतं, आत नुसता शिरा असतो."

"नाही हो सलीमभाई, आम्ही काय वेडे आहोत?" मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

बकरी ईदच्या सकाळी निघालो. २००७ सालची गोष्ट. जाणार असाल तर ईदचीच सकाळ धरा: नमाज संपला की रस्ते मोकळे असतात आणि ज्या दोह्यात एरवी सिग्नलला म्हातारपण येतं तिथून वीस मिनिटांत बाहेर पडता येतं. टाकी पन्नास रियालच्या आत भरली. उम्म सलाल मोहम्मदला टपरीवर एक रियालचा करक चहा घेतला, घट्ट, वेलचीवाला. तिथला जुना टेहळणीचा बुरूज बाहेरूनच बघितला, कारण ईदमुळे कुलूप. आमची दहा वर्षांची सई मागच्या फळीवर लोळत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. अण्णांना ते उत्तर कळत नाही. तीन आठवडे दोघांचं संभाषण म्हणजे हातवारे आणि चिक्की.

अल खोरवरून पुढे जाऊन आधी जस्सासियाचे कातळ बघितले. पाटी लहान आहे, हमखास चुकते, आम्ही दोनदा चुकलो. उघड्या खडकावर कुणी कोणे एके काळी खळगे आणि आकृत्या कोरून ठेवल्यात. आम्ही माहितीपत्रक उलटं-सुलटं करत होतो, तेवढ्यात अण्णा वाकले. "ही होडी. वरून बघितल्यासारखी. ही वल्ही बघ, दोन्ही अंगाला." सईने मोजली. "आजोबा, हाऊ डू यू नो?" अण्णांना प्रश्न कळला नाही, पण कौतुक कळलं.

दुपारी अल थखिराला पोचलो. तासभर नुसतं वाळूचं पिवळं बघून डोळे दमलेले असतात आणि एकदम समोर हिरवं येतं, पाण्यात पाय सोडून उभं. अण्णा गाडी थांबायच्या आत दार उघडायला लागले. "तिवरं! गो, ही तर आपली तिवरं!" खारफुटीला आमच्याकडे तिवर म्हणतात. तीन आठवड्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. बगळे होते, चिखलात तुरुतुरु पळणारे लहान पाणपक्षी होते, डोक्यावर मासे मारणारी एक घार होती. रोहित मात्र फार लांब, दुर्बिणीतूनही गुलाबी ठिपके.

"भरतीला काठाशी येतील," अण्णा म्हणाले. बोटांवर मोजलं. "उद्या एकादशी. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला भरती पुरी. सातला त्या वाळूच्या जिभेवर जाऊन बसूया." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही माहीत असतं. त्या हिशोबाने अण्णांनी तीस वर्षं तर हाकली, एकदाही गाळात रुतवली नाही. त्यांना सोडून मी कोणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी सातला गाडी वाळूच्या जिभेवर. सारवलेलं खळं अगदी! सव्वाआठ झाले. पाणी अजून लांबच होतं, आणि पाण्याबरोबर रोहितही. अण्णा घड्याळ बघत होते. नऊला म्हणाले, "आज हलकी आली असंल. आता काय, ओहोटीच. निवांत खाऊन घ्या." अण्णांना एकादशीची साबुदाण्याची खिचडी, आम्हाला पोहे. ऊन छान होतं, शेखर घोरायला लागला. अकराच्या सुमाराला सई ओरडली, "मम्मा, द रोड इज गॉन!"

आमच्या मागून, जिथून आम्ही आलो होतो तिथून, पाणी आलं होतं. गुडघ्याच्या खालीच होतं, माणसाला धोका नव्हता. पण शेखरने गाडी मागे घेतली आणि मागची चाकं शिऱ्यात बसली ती बसलीच. सलीमभाईंची गाडी! मी नको नको ते बोलले. शेखरला बोलले, नशिबाला बोलले, आणि मग तोंडातून निघून गेलं, "अण्णा, तुम्ही इतकं खात्रीने कसं सांगितलंत?"

जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत येतो थोडाच? अण्णा पाण्यात उभे होते, धोतर गुडघ्यावर. हळू म्हणाले, "मला हितलं काय कळतं? घरीच सोडा मला. तितलं तरी कळत होतं." मला रडायला आलं. आदल्या दिवशी चढलेला तो आवाज मीच खाली आणला होता.

तेवढ्यात काठावर एक मोठी पांढरी गाडी थांबली. आत एक कतारी आजोबा, अण्णांच्याच वयाचे, पांढरी दाढी, ईदचा नवा झगा. त्यांनी आम्हाला बघितलं, मान हलवली आणि दोराचं भेंडोळं फेकलं. शेखर गाठ मारायला लागला तेव्हा अण्णांनी त्याच्या हातातून दोर घेतला. दोन वेढे, एक खेच, झालं. आजोबांनी पाण्यात येऊन ती गाठ निरखली, मग अण्णांकडे बघितलं. "बहरी?" दर्यावर्दी का, असं. मग मोडक्या हिंदीत, "बम्बई?"

"रत्नागिरी," अण्णा म्हणाले. "वही बाजू."

"यल्ला!" गाडीने हिसका दिला, शिऱ्यातून मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि सलीमभाईंची गाडी बाहेर. दोर तसूभर सरकला नव्हता.

आजोबांनी चटई टाकली, खजूर आणि भाजलेले मासे पुढे केले. अण्णांनी फक्त खजूर घेतले. "आज मच्छी नाही. उपवास. रोजा, रोजा."

"ईद में रोज़ा?" आजोबा चकित झाले. "हराम!"

"हमारा अलग," अण्णा म्हणाले आणि दोघंही खदखदून हसले. मग अण्णांनी बोटं मोजून दाखवली, चंद्र दाखवला, सव्वाआठ दाखवले. आजोबांनी सगळं नीट ऐकलं. "चांद एक," ते म्हणाले. "पानी अलग. बम्बई पानी बम्बई, खोर पानी खोर. देखो, बैठो." त्यांचा बाप मोत्यांच्या होड्यांवर होता, असंही काहीसं सांगितलं. शेखर शुक्रन शुक्रन म्हणत राहिला, ते हात हलवून निघून गेले. नावही विचारायचं राहिलं.

देखो, बैठो. अण्णांनी ते मनावर घेतलं. गाडीतला झाडूचा दांडा काढला, काठाशी रोवला, सलीमभाईंच्या खणातली सुताराची जाड पेन्सिल घेतली. सव्वाबाराच्या सुमाराला पाणी थांबलं आणि उतरायला लागलं. दर अर्ध्या तासाला अण्णा रेघ मारायचे आणि सई वेळ लिहायची. शेखर अल खोरला जाऊन बिर्याणी घेऊन आला तरी दोघं तिथेच. मी जवळ जाऊन बसले. "अण्णा, चुकलं माझं."

"तुझं कसलं?" ते दांड्यावरून नजर न काढता म्हणाले. "मी न बघता बोललो. नव्या खाडीत आधी बघायचं असतं. विसरलो होतो."

संध्याकाळी निकाल लागला. "पाऊणपट बरोबर आहे. वर चार तास टाकायचे, बस. उद्या द्वादशी, नऊ आणि चार, एक वाजता." (तुम्ही कृपया बंदराचं छापील वेळापत्रक घ्या. घरोघरी होडी हाकणारा तांडेल नसतो.)

तिसऱ्या दिवशी गाडी कडक जमिनीवर ठेवून आम्ही साडेबाराला पायी काठाशी गेलो. पाणी तिवरांच्या मुळांमधून चढायला लागलं, आणि त्याच्या पुढे पुढे, मान पाण्यात घालून चरत, रोहित आले. शंभरेक तरी असतील. इतके जवळ की दुर्बीण गळ्यातच राहिली. गुलाबी म्हणतात ते अर्धंच खरं; उभे असताना पांढुरके दिसतात. मग कशाने तरी बिचकून सगळे एकदम उडाले आणि पंखांखालचा तांबडा रंग उघडा पडला. सई अण्णांचा हात धरून ओरडली, "आजोबा, बघा! बघा ना!" मराठीत. आपोआप. अण्णांनी मात्र आधी घड्याळ बघितलं. एक वाजून पाच. "पाच मिनिटं उशीर," ते म्हणाले, आणि मग पोटभर हसले.

घरी आल्यावर गाडी धुवायला दोन तास लागले. तरी सलीमभाईंनी मागच्या चाकात बोट घालून चिखल काढलाच आणि माझ्याकडे बघितलं. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. जाणाऱ्यांसाठी एवढंच: पिण्याचं पाणी भरपूर न्या, जाडसर जॅकेट न्या, कचरा परत आणा, आणि शिऱ्यात जाऊ नका. फ्रेंच बाईला मी माझे फोटो दाखवले. तिने विचारलं, हा दांडा धरलेला माणूस कोण? एकाही पक्ष्याविषयी नाही विचारलं.

सहलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना बघितलं, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत त्या जाड पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. तेवीस, चोवीस, पंचवीस. एकोणतीसवर मी थांबले, पण आकडे थांबले नव्हते. तीस, एकतीस. पुढे भिंत.

अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. घसा खाकरला.

"दोन दिवसांवरून गणित धरता येत नाय गो," ते म्हणाले. "अवस बघायला पाहिजे, पुढची पुनव बघायला पाहिजे. ते व्हिसाचं काय असंल ते शेखरला बघू दे." आणि मग, चहाचा कप हातात घेत, "दुकानात जाशील तर नवीन कॅलेंडर आण. तिथीवालं बघून आण."