पॅकिंगच्या बायकांचं मत

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोला माहीत नाही, युनियनमधल्या एकालाही नाही. आज तुमच्यापुढे बोलतोय, ते का — मलाही नीट सांगता यायचं नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी ऑपरेटर होतो आणि कामगार युनियनचा सरचिटणीस. पूर्वी कराराच्या वेळी कमिटीतली मोजकी माणसं मॅनेजमेंटसमोर बसायची, चहा प्यायची, सह्या करून बाहेर यायची. काय ठरलं ते कामगाराला पगार हातात पडल्यावर कळायचं. याच गोष्टीवर चिडून मी निवडणुकीला उभा राहिलो. गेटवर ओरडून सांगितलं — यापुढे करार आधी सभेत वाचला जाईल, सगळे मत देतील, मगच सही. निवडून आलो. तेव्हा ते मनापासून बोललो होतो.

माझे ते शब्द सगळ्यांत खरे मानले वनिताने. वनिता पेणजवळच्या गडब गावची, पॅकिंग खात्यातली. त्या खात्यात बहुतेक बायकाच, पेणच्या बाजूने कंपनीच्या बसने येणाऱ्या. युनियनच्या सभेला तोवर एकही बाई येत नसे. वनिता एकदा सरळ ऑफिसात आली.

"दादा, सभा सुरू व्हायच्या टायमाला आमची बस सुटते. आणि वर म्हणता बायका येत नायत. कशा येतील?"

मी सभा रविवारी घ्यायला लागलो. ती घरोघर फिरली, कुणाच्या सासूला समजावलं, कुणाच्या नवऱ्याशी भांडली. तिची नणंद सुनंदा हमरापूरला दिलेली, तीही पॅकिंगलाच. हमरापूर म्हणजे घरोघरी गणपतीच्या मूर्ती बनवणारं गाव, आणि पॅकिंगच्या निम्म्याहून जास्त बायका तिकडच्याच. दोघींनी मिळून एकेकीला घराबाहेर काढलं. हळूहळू सभेतल्या पुढच्या रांगा बायकांच्या झाल्या. उठून प्रश्न विचारायच्या. मला अभिमान वाटायचा. भीतीही वाटायची का? वाटायची.

मग नवा करार आला. पगारवाढ चांगली होती, पण अट अशी — पॅकिंगचं काम ठेकेदाराकडे जाणार, तिथल्या बायका घरी. प्लँटमधले पुरुष आतून खूश होते. पण त्या बायका समोर बसलेल्या असताना त्यांच्या पोटावर पाय द्यायला किती जणांनी हात वर केला असता? करार पडला असता. मॅनेजर मला म्हणाला होता, "तुम्हाला तुमची माणसं सांभाळता येत नसतील, तर आम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू." ते मला झोंबलं. खुर्ची जाईल — डोक्यात एवढंच राहिलं.

आता ते सांगतो.

वनिताने मला फार आधी बजावलं होतं, "गणपतीच्या तोंडावर सभा नको हां, दादा. हमरापूरकडच्या बायका तेव्हा सुट्टीलाही मूर्तींच्या रंगकामातून मान वर करत नायत, घरची वर्षाची कमाई ती." मी हो म्हटलं होतं. आणि कराराची सभा नेमकी तेव्हाच लावली. नोटीस बघून ती धावत आली. मी म्हटलं, "काय करू गो, हॉल दुसऱ्या कुठल्या रविवारी मिळतच नाय."

खोटं. हॉलवाल्याने मला विचारलं होतं — कुठला रविवार देऊ, सगळे मोकळे हायत. तो रविवार मी माझ्या तोंडाने मागून घेतला होता.

सभेला पुढच्या रांगा रिकाम्या. वनिता आणि गडबच्या दोघी-तिघी, बस. ती उठली. "आमच्या बायका अडकल्यात. सभा पुढं ढकला." मी काय केलं? तिची सूचना रीतसर मताला टाकली. पडली. मग करार मोठ्याने वाचला, एक शब्दही न गाळता. हात वर झाले. मंजूर. करार पहिल्यांदाच सभेने ठरवला म्हणून टाळ्या वाजल्या, कुणीतरी हार आणला. मी मान वाकवली.

पॅकिंग गेलं. काही बायका घरी बसल्या, काही त्याच टेबलावर ठेकेदाराच्या रोजावर परत आल्या. वनिताही आली. एकदा गेटवर भेटली. मला वाटलं, आता तोंडावर बोलेल. ती म्हणाली, "तुमचा काय दोष, दादा? तुम्ही मत घेतलंत. आमच्याच बायका आल्या नायत. मी सुनंदाला तोंडावर सांगितलं — तू तुझ्याकडच्या बायका आणल्या नायस, तुझ्यापायी सगळ्यांची भाकरी गेली."

मी काय बोललो? "जाऊ दे," म्हणालो. जाऊ दे!

त्यानंतर सुनंदाने माहेरी पाऊल टाकलं नाही. वनिताच्या मुलीचं लग्न गडबला झालं, तेव्हा मला पुढे खुर्ची दिली होती. आत्या म्हणून सुनंदाने करायचं ते कुणा शेजारणीने केलं. वनिताने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. "यांच्यामुळं आम्हाला बोलायला आलं," म्हणाली. बोलताना तिची नजर मांडवाच्या दाराकडे जात होती — सुनंदा येईल म्हणून.

तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पंगतीला बसलो, पोटभर जेवलो.

त्या दोघी अजून बोलत नाहीत. वनिता अजून सुनंदालाच दोष देते. मी तिला अजून सांगितलेलं नाही.