केकच्या टेबलामागची गोलकीपर

‘लुक्स ग्रेट, थँक यू सो मच’ असं मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यात पहिली मीच आहे.

जर्मनीतल्या येना शहरात मी पीएचडी करते. राहते ते घर एका बाईंचं आहे; त्या खाली, मी वर. बाई पंचाहत्तरीच्या आहेत. विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबच्या घरच्या प्रत्येक सामन्याला त्या प्लमचा केक करून नेतात आणि ट्रे उचलायला मी जाते. टेबलामागे उभं राहिलं की कोणाशी फार बोलावं लागत नाही. मला ते सोयीचं वाटतं.

क्लबच्या वर्धापनदिनाच्या सामन्यासाठी एक पुस्तिका निघणार होती. तिच्यासाठी जुने फोटो स्कॅन करायचं काम मी हिवाळ्यात घेतलं. एका फोटोत अकरा मुली होत्या, पायात मोठाले बूट. मधल्या गोलकीपरची हनुवटी मी ओळखली. रोज जिन्यात दिसते ती.

फोटो घेऊन मी खाली गेले.

“मीच,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी आम्ही सहा गोल खाल्ले. मी नसते तर पंधरा खाल्ले असते.”

बर्लिनची भिंत होती तेव्हाची, पूर्व जर्मनीतली गोष्ट. गवताचं मैदान पुरुषांसाठी होतं, म्हणून या मुली नदीकाठच्या खडीच्या मैदानावर सराव करायच्या. गुडघ्यात रुतलेले खडे रात्री सुईने काढायचे. बूट मुलांकडून मागून आणलेले, पुढे वर्तमानपत्र कोंबलेले. पहिला सामना बघायला लोक हसण्यासाठी आले. तिसऱ्या वर्षी जिंकायला लागल्यावर हसणारे यायचे बंद झाले, आणि दुसरं कोणी आलं नाही. मग शिक्षण संपलं, नोकऱ्या वेगवेगळ्या गावांत लागल्या, संघ संपला. फोटोच्या मागे बाईंनी पेन्सिलीने अकरा नावं लिहिली होती. स्वतःचं सगळ्यात शेवटी.

चार वीकेंड खर्चून मी जर्मनमध्ये दोन पानं लिहिली. पुस्तिका काढणारे गृहस्थच सामन्याच्या दिवशी माइकवर असतात. “मध्यंतरात इतिहास वाचू,” ते म्हणाले. मी बाईंना सांगितलं, तुमची अकरा नावं वाचतील. त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं.

मग प्रूफ आलं. दोन पानांची एक ओळ झाली होती. फोटो होता, खाली मजकूर : ‘आमच्या क्लबच्या मैत्रिणी, ज्यांच्याविना सामन्याचा दिवस अपुरा.’ शेजारी केकचं चित्र. महिला संघाची सुरुवात भिंत पडल्यानंतरची दाखवली होती. ‘शुक्रवारपर्यंत फ्राइगाबे द्या,’ म्हणजे छापायला मंजुरी द्या. मी अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसले. कानशिलं तापली होती. आणि मी लिहिलं, लुक्स ग्रेट. शाळेत आम्हाला शिक्षा झाली तरी ‘थँक यू, टीचर’ म्हणायला लावायचे. बारा वर्षं म्हटलं. ते इतकं मुरलंय की कोणी पायावर पाय दिला तर आधी माझ्या तोंडून सॉरी निघतं.

आमच्या लॅबमधले कोल्हापूरचे दादा पुरुष संघात खेळतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “फ्राइगाबे दिलीस न्हवं? मग मिटलं. हितं मनातलं कोण वाचत न्हाई, लिवलेलं वाचत्यात.”

“पण त्यांना कळायला नको?”

“तुझं तोंड काय भाड्यानं दिलंयस का गं?”

त्यांच्यावरही चिडले. कारण ते बरोबर होते. बाईंना मात्र काही सांगितलं नाही.

सामन्याच्या दिवशी बाई केस सेट करून, निळा कोट घालून आल्या. भट्टीवरच्या सॉसेजचा धूर, पायऱ्यांवर विद्यार्थी, एक ढोल. इथली पद्धत अशी, की माइकवर खेळाडूचं फक्त नाव पुकारतात आणि आडनाव प्रेक्षक ओरडतात. दादांचं कोल्हापुरी आडनावही पब्लिक न अडखळता ओरडलं. दोन सीझनमध्ये शिकलेत. म्हणजे शिकायचं ठरवलं तर येतं.

मध्यंतर झालं. माइकवरून इतिहास आला : कप, गोल, प्रशिक्षक, सगळे पुरुष. शेवटी, “आणि आता आमच्या बायकांचा केक!” लोक हसत रांगेत आले.

बाईंनी हात पुसून पुस्तिका उघडली. वाचली. घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.

“तू हे आधी पाहिलं होतंस?”

“हो.”

“आणि?”

“छान आहे असं लिहिलं.”

“त्यांच्याकडे मी पन्नास वर्षांत काही मागितलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुझ्याकडेही नव्हतं मागितलं. तू म्हणालीस, वाचतील.” आणि पुढच्या माणसाला, “कडेचा की मधला?”

मी लोखंडी जिना चढून माइकच्या खोलीत गेले. ते गृहस्थ बाईंचाच केक खात होते.

“अकरा नावं वाचायची आहेत,” मी म्हटलं.

“पण तुम्ही फ्राइगाबे दिली होती.”

“चूक केली. परत घेतेय.”

“आल्झो, बरं तर, पुढच्या वेळी वेळेत कळवा.”

त्यांच्या तोंडात घास होता. मी माइक उचलला. खिशातला फोटो उलटा धरला आणि पहिलं नाव वाचलं. फक्त नाव. मैदानातून आडनाव आलं नाही. कोणीतरी हसलं. मग खालून, केकच्या टेबलामागून, एकच आवाज आला. आडनाव. बाई सुरी हातात घेऊन उभ्या होत्या. दुसरं नाव. पुन्हा तो एकच आवाज. खाली इतके लोक, आणि त्यांतल्या बाईंना एकट्यांनाच ती आडनावं माहीत. आठ नावं झाली आणि संघ मैदानात आले. गृहस्थांनी हसतमुखाने माइक काढून घेतला. “गेनाऊ, अगदी बरोबर, धन्यवाद, धन्यवाद.”

मी खाली आले.

“तीन राहिल्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी एप्रन काढला, सुरी माझ्या हातात दिली आणि रेलिंगला धरून जिना चढायला लागल्या.

खेळ सुरू झाला होता. मी केक कापत होते, तुकडे वाकडे पडत होते. कर्ण्यातून खरखर आली. मग बाईंचा आवाज, नववं नाव. आता खाली उत्तर देणारं कोणी नव्हतं. आडनाव फोटोमागे होतं आणि मला पाठ होतं. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, अनोळखी माणसांमध्ये, गळा ताणून. दहावं. आणि मग त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर मी रोज बघते. मी इतक्या जोरात ओरडले, की समोरचा माणूस प्लेट घेऊन मागे सरकला.

मी सॉरी म्हटलं नाही.

“कडेचा की मधला?” मी त्याला विचारलं.