सुक्या बांगड्याचं डोकं

“अहो, तुमचं एक पान सुटलं,” वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले. कादंबरीची दुसरी प्रत त्यांच्या मांडीवर होती. पान सुटलं नव्हतं, मी गाळलं होतं. कारण समोर आई बसली होती.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मालवणच्या एका वाचनालयात मी लायब्ररियन होतो. रविवारी दुपारी सामुदायिक वाचन असायचं. म्हणजे ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची. ही कादंबरी मी स्वतःच्या नावावर इश्यू करून, म्हणजे घरी नेऊन, कितीदा वाचली होती. ती का आवडते, हे कोणाला सांगितलं नव्हतं. आई कट्टा गावी मामाकडे गेलेली, म्हणूनच निवडली. ती न सांगता परतली आणि थेट पहिल्या रांगेत.

नाइलाजानं ते पान वाचलं. घरात दाणा नसलेली बाई संध्याकाळी निखाऱ्यावर सुक्या बांगड्याचं डोकं जाळते. शेजाऱ्यांना वाटावं, यांच्याकडे मासळी भाजतायत.

“काहीतरीच!” सेक्रेटरी हसले. “असं कोणी करतं का?”

“ह्या मी केलंय,” आई म्हणाली.

सगळ्या बायका वळल्या. गावात आमचं घर खाऊनपिऊन सुखी समजलं जायचं. मी इस्त्रीच्या कोटात घामाघूम. मला आईची लाज वाटली.

मागून आमची जुनी शेजारीण भागीरथीकाकी उठली. “त्या दुकाळाच्या वर्सा आमी घराघरात तांदूळ वाटलाव गो. तुमच्याकडे इलाव नाय. माका वाटला, हेंच्याकडे रोज बांगडे भाजतत.”

“तुजो दोष नाय,” आई म्हणाली. “तुका तसाच वाटूक व्हया होता.”

त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. तापानं गेली, असं आम्ही सांगत आलो होतो. काकी तोंडाला पदर लावून खाली बसली. सेक्रेटरी पुस्तकात बघत राहिले. आणि मघाच्या माझ्या लाजेचीच मला लाज वाटायला लागली.

“फुडे वाच रे,” आई म्हणाली. “त्या बायेक कोणी तांदूळ दिल्यान?”

पुढच्याच पानावर शेजारीण सूपभर तांदूळ आणते आणि बाईची पोरं जगतात. घरी हेच पान मी आवडीनं वाचायचो. आईसमोर ते मोठ्यानं वाचवेना. “दिले,” एवढंच म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत सामुदायिक वाचनाला मी प्रवासवर्णनंच घेतली. श्रोते पेंगायचे. पेंगू दिलं.